घरबसल्या नेटवर्किंगची लॅब: खान्देशातून सीसीएनए करणाऱ्यांसाठी सुरुवातीपासूनचा रस्ता

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करता करता सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेचा, अभ्यास करणारी मुलंमुली आता गावोगाव सापडतात. व्हिडिओ बघून होतात, सबनेटिंग (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं) तोंडपाठ होतं आणि मग गाडी एकाच ठिकाणी अडते: खऱ्या राउटरवर हात कुठे बसवायचा? बऱ्याच कॉलेजांत डिव्हाइस असतात, पण ते कुलूपबंद कपाटात. पुण्याला क्लास लावायचा म्हटलं तर फीपेक्षा खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च जास्त होतो.

त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. राउटर आणि स्विच दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात ठेवलेले असतात आणि आपण चोपड्यात किंवा शहाद्यात बसून इंटरनेटवरून त्यांच्यावर काम करतो. यालाच रिमोट लॅब म्हणतात. मी याच वाटेने शिकलो. या वाटेवर नवी मुलं नेमकी कुठे ठेचकाळतात ते मला रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवरून दिसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. लॅबवर मिळणारा वेळ शिकण्यासाठी नसतो, शिकलेलं तपासून बघण्यासाठी असतो. शिकायचं ते आधी कागदावर. हे ज्याला उमगलं त्याचे पैसे वसूल होतात.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

१. आधी ठरवा, रिमोट लॅब आत्ता लागते आहे का?

सीसीएनएची परीक्षा २००-३०१ या क्रमांकाने ओळखली जाते. वेळ १२० मिनिटं. अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंगला आहे: २५ टक्के. नेटवर्क फंडामेंटल्स आणि नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रत्येकी २०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन प्रत्येकी १०. पर्यायी प्रश्नांच्या जोडीला प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन करून दाखवायचे लॅबचे प्रश्नही येतात. पुढे गेलेला प्रश्न परत उघडता येत नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) पुष्कळ झालं. ते सिस्कोनेच बनवलेलं आहे, नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीच्या खात्यावरून फुकट उतरवता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी एक लिंक), स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेला रस्ता), साधं ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत), एसीएल (कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं याची यादी) हे सगळं त्यात बसतं. ज्याने पॅकेट ट्रेसरमध्ये दोन राउटर एकमेकांना जोडले नाहीत त्याने भाड्याच्या रॅकला पैसे घालू नयेत.

पण पॅकेट ट्रेसर ही नक्कल आहे. बनवणाऱ्याने ज्या कमांड त्यात घातल्या तेवढ्याच चालतात. खरा स्विच चालू व्हायला काही मिनिटं घेतो, तुम्ही टाइप करत असताना मध्येच लॉगचे मेसेज फेकतो, कन्सोलची, म्हणजे डिव्हाइसला थेट जोडलेल्या केबलची, लाइन अडकते, आधीच्या माणसाचं कॉन्फिगरेशन तसंच पडलेलं असतं. नोकरीवर पहिल्या आठवड्यात हेच समोर येतं. त्याची सवय व्हावी म्हणून रिमोट लॅब.

२. काय काय जमवून ठेवायचं

– लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. नुसत्या रिमोट लॅबला ४ ते ८ जीबी रॅम चालते, कारण काम तिकडच्या मशीनवर होतं. स्वतःच्या मशीनवर लॅब उभी करणार असाल तर १६ जीबी धरून चाला.
– पुटी हा फुकट प्रोग्राम, टेलनेट आणि एसएसएचसाठी, म्हणजे लांबच्या डिव्हाइसवर कमांड टाइप करण्यासाठी.
– लॅबवाले सांगतील तो व्हीपीएन क्लायंट. सिस्कोच्या लॅबला एनीकनेक्ट लागतो, त्याचं आताचं नाव सिक्युअर क्लायंट.
– नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीचं खातं आणि सिस्कोचं खातं. दोन्हीला एकच ईमेल वापरा. कॉलेजचा ईमेल देऊ नका. कॉलेज संपलं की तो बंद होतो आणि पुढे प्रमाणपत्र त्याच खात्याला चिकटलेलं राहतं.
– परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड. इथे पुष्कळ जण अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात आणि मर्यादाही तिथेच ठरवावी लागते. गावातल्या सहकारी बँकेचं कार्ड बऱ्याचदा परदेशी साइटवर चालतच नाही. दुसरं कार्ड घरात कुणाकडे आहे ते आधी बघून ठेवा.
– वही. हो, कागदाची. कारण सहाव्या पायरीत कळेल.

३. लॅबचे तीन प्रकार आणि माझी निवड

पहिला प्रकार फुकटचा: सिस्कोचा डेव्हनेट सँडबॉक्स. यात काही लॅब कायम चालू असतात. त्या सगळ्यांच्या सामायिक असल्यामुळे तिथे फक्त बघायचं, मोडतोड करायची नाही. काही लॅब आरक्षित कराव्या लागतात. त्या ठरावीक वेळेपुरत्या तुमच्या एकट्याच्या असतात. आरक्षण झालं की लॅब उभी राहायला थोडा वेळ जातो, मग व्हीपीएनचा पत्ता, युजर आणि पासवर्ड मिळतो.

दुसरा प्रकार भाड्याच्या रॅकचा. तासावर किंवा स्लॉटवर पैसे, समोर खरे डिव्हाइस. पैसे भरण्याआधी मालकाला हे विचारा: कन्सोल मिळेल की नुसतं एसएसएच? डिव्हाइसची वीज लांबून बंद-चालू करता येते का? दोन स्लॉटच्या मध्ये कॉन्फिगरेशन आपोआप पुसलं जातं का? मॉडेल कोणतं, आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) कोणतं? तुमच्याकडची वीज किंवा नेट गेलं तर वेळ वाढवून मिळतो का? जो कन्सोल देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. एसएसएच बंद पडलं की आत शिरायचा दुसरा दरवाजाच उरत नाही. लांबून वीज बंद-चालू करायची सोय नसेल तर पासवर्ड रिकव्हरीचा सरावही करता येणार नाही.

तिसरा प्रकार स्वतःची लॅब उभी करून ती लांबून वापरण्याचा. त्यासाठीची सॉफ्टवेअर: जीएनएस-३, ईव्ह-एनजीची कम्युनिटी आवृत्ती किंवा सिस्को मॉडेलिंग लॅब्स, म्हणजे सीएमएल. सीएमएलची फुकट आवृत्ती पाच नोडपर्यंत (म्हणजे लॅबमधल्या पाच डिव्हाइसपर्यंत) चालते आणि त्यात सिस्कोचे इमेज, म्हणजे डिव्हाइसच्या सॉफ्टवेअरच्या फाइल, कायदेशीर मिळतात, ही मोठी सोय आहे. वीस नोडची वैयक्तिक आवृत्ती वर्षाला १९९ डॉलर. जीएनएस-३ आणि ईव्ह-एनजी फुकट आहेत, पण सिस्कोचे इमेज त्यांच्यासोबत येत नाहीत. टेलिग्रामवरून उतरवलेले इमेज वापरू नका. ते लायसन्सच्या बाहेर असतात आणि त्यांत आणखी काय भरून ठेवलंय ते सांगता येत नाही. नुसत्या राउटिंगच्या सरावाला एफआरआर हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याची कमांडलाइनही सिस्कोच्या वळणाची आहे.

या तिसऱ्या प्रकारात एक अडचण हमखास येते. घरी भुसावळला डेस्कटॉपवर लॅब चालू ठेवायची आणि जळगावच्या होस्टेलवरून ती उघडायची, असा बेत असतो. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने घरातल्या मशीनकडे पाठवणं) केलं तरी उघडत नाही. कारण मोबाइलच्या नेटवर आणि बऱ्याच फायबरवाल्यांकडेही तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही. शेकडो गिऱ्हाइकं एकाच आयपीमागे असतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या वॅन पोर्टवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला आयपी दिसला तर समजून जा. मग टेलस्केल किंवा झिरोटिअरसारखं काहीतरी दोन्ही टोकांना बसवायचं, काम होतं. आणि पब्लिक आयपी मिळाला तरी लॅबचे टेलनेट पोर्ट उघड्या इंटरनेटवर सोडू नका. ईव्ह-एनजीचा मूळ पासवर्ड जगाला माहीत आहे. पहिल्या दिवशीच बदला.

माझी शिफारस विचाराल तर: सीसीएनएसाठी पॅकेट ट्रेसर, त्यावर सीएमएलची फुकट आवृत्ती आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात भाड्याच्या रॅकचे मोजके स्लॉट. सीसीएनपीला, म्हणजे पुढच्या पातळीच्या परीक्षेला, मात्र स्वतःची लॅब लागतेच, तिथे पाच नोड पुरत नाहीत.

४. स्लॉट बुक करताना घड्याळ नीट बघा

रॅकवाल्यांची वेळ बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) किंवा अमेरिकेच्या घड्याळाने असते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. हा अर्धा तास लोक विसरतात आणि स्लॉट सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच येऊन ताटकळत बसतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ असेल तर आणखी एक गुंता आहे. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, आपल्याकडे नाही. त्यांच्या संध्याकाळी ८ चा स्लॉट म्हणजे उन्हाळ्यात आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटे ५:३०, आणि हिवाळ्यात ६:३०. तारीखही बदलते, तेव्हा कॅलेंडरवर भारतीय तारीख आणि वेळच लिहा.

पहाटेचा स्लॉट मिळाला तर घ्या. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या घरात गेला की दुपारी लॅपटॉपचा पंखा ओरडत असतो आणि डोकंही चालत नाही. पहाटे नेट मोकळं, घर शांत.

५. लाईट आणि नेट जाणार हे धरूनच बसा

लाईट गेली तर काय होतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे घाबरायला होत नाही. तुमच्या घरची लाईट गेलेली असते, रॅकची नाही. तिकडचा राउटर चालूच असतो आणि तुम्ही सेव्ह न केलेलं कॉन्फिगरेशनसुद्धा त्याच्या मेमरीत जसंच्या तसं असतं. तुटतं ते फक्त तुमचं कनेक्शन.

परत जोडायला गेलात की मात्र बऱ्याचदा कन्सोल घेत नाही, कनेक्शन नाकारल्याचा मेसेज येतो. कारण तुमचं जुनं सेशन त्या लाइनवर अजून अडकून बसलेलं असतं. रॅकच्या मेनूत लाइन मोकळी करायचा पर्याय असतो. कन्सोल सर्व्हरवर थेट जाता येत असेल तर तिथे ‘क्लिअर लाइन’ आणि पुढे लाइनचा क्रमांक. एवढं केलं की लागलीच आत.

मधे लिनक्सच्या सर्व्हरवरून उडी मारून जावं लागत असेल तर त्या सर्व्हरवर टीमक्स चालू करून मगच राउटरवर जा. नेट गेलं तरी सेशन तिकडे जिवंत राहतं, परत आल्यावर जिथे होतात तिथूनच पुढे.

घरचा वाय-फाय राउटर छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर ठेवा. मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून बघा. कन्सोलचं काम म्हणजे नुसती अक्षरं ये-जा करतात, त्याला डेटा किरकोळ लागतो. गावातल्या एक-दोन कांड्यांच्या रेंजवरही निभावतं. ज्या लॅबमध्ये तिकडचा पूर्ण डेस्कटॉप आपल्या पडद्यावर दाखवतात, तिथे हीच रेंज छळते. शक्य तिथे पुटीच वापरा.

६. स्लॉटच्या आदल्या दिवशीचा कागद

वहीचं एक पान घ्या आणि त्यावर टोपोलॉजी काढा: कोणता राउटर, कोणता पोर्ट, समोर कोणता पोर्ट. प्रत्येक लिंकचं सबनेट लिहा. व्हीलॅनचे क्रमांक लिहा. मग प्रत्येक डिव्हाइसच्या कमांड क्रमाने, न बघता लिहा. जिथे अडाल तिथे खूण करा, तेवढंच पुस्तकात बघा. त्याच पानाच्या उजवीकडे लिहा की कॉन्फिगरेशन बरोबर असेल तर ‘शो’ कमांडला काय दिसलं पाहिजे. हा उजवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. काय दिसायला हवं हेच माहीत नसेल तर समोर दिसलेलं चूक की बरोबर हे कसं कळणार?

पहिल्या स्लॉटसाठी हे पुरे: दोन राउटर, दोन स्विच, व्हीलॅन १० आणि २०, स्विचमधून एक ट्रंक, एका राउटरवर सब-इंटरफेस करून दोन्ही व्हीलॅनमध्ये बोलणं आणि दोन राउटरमध्ये ओएसपीएफ एरिया ०. यापेक्षा जास्त घेऊ नका.

कमांड नोटपॅडमध्ये लिहून लॅबवर चिकटवायच्या असतील तर दोन गोष्टी सांभाळा. कन्सोल संथ असतो, मोठा मजकूर एकदम टाकला की मधली अक्षरं गळतात. पंधरा-वीस ओळींचे तुकडे करून टाका. दुसरं म्हणजे, आधीच्या लॅबची ‘शो रनिंग-कॉन्फिग’ कॉपी करून चिकटवली तर राउटरचे सगळे पोर्ट बंदच राहतात. कारण चालू पोर्टखाली ‘नो शटडाउन’ ही ओळ रनिंग-कॉन्फिगमध्ये लिहिलेली दिसत नाही, आणि पुसलेल्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. ती ओळ हाताने घालावी लागते. एसएसएचच्या आरएसए किल्ल्याही त्यात येत नाहीत, त्या नव्याने तयार कराव्या लागतात.

७. पहिल्यांदा आत शिरताना

व्हीपीएन जोडला, पण लॅबचा पत्ता पिंगच होत नाही? घरच्या वाय-फायचा आयपी बघा. घरचं नेटवर्क १९२.१६८.१.० आणि लॅबचंही तेच असेल तर लॅपटॉप लॅबचे पॅकेट घरातच शोधत बसतो. हॉटस्पॉटवर जाऊन बघा. काम झालं तर घरच्या राउटरचा लॅन पत्ता बदलून टाका.

पुटीत कन्सोल उघडला की बऱ्याचदा नुसता काळा पडदा दिसतो. एंटर दाबा. कन्सोल तोवर गप्पच असतो. एकाच कन्सोल सर्व्हरवरून सगळे डिव्हाइस उघडत असाल तर एकातून बाहेर येण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकत्र दाबा, सोडा, मग एक्स. सेशन मागे चालू राहतं, ‘शो सेशन्स’ने यादी दिसते, क्रमांक टाकला की परत त्या डिव्हाइसवर. हे दहा वेळा करून बोटात बसवा.

आधीच्या माणसाचं काही उरलं असेल तर ते पुसा. राउटरवर ‘राइट इरेज’, मग ‘रीलोड’. रीलोडच्या वेळी तो विचारतो, बदललेलं कॉन्फिगरेशन सेव्ह करू का? उत्तर नो. येस म्हटलं की पुसलेलं सगळं परत लिहिलं जातं. स्विचवर एवढ्याने भागत नाही. व्हीलॅनची माहिती फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती डिलीट करून मग रीलोड केलं नाही तर आधीच्या माणसाचे व्हीलॅन तुमच्या लॅबमध्ये भुतासारखे फिरतात. चालू झाल्यावर सुरुवातीच्या संवादात जायचं का, असं विचारेल, तिथेही नो.

मग प्रत्येक डिव्हाइसवर आधी ‘नो आयपी डोमेन-लुकअप’. नाहीतर एक अक्षर चुकलं की तो त्या शब्दाला कुठल्यातरी मशीनचं नाव समजून शोधत बसतो आणि पडदा अडकतो. अडकलाच तर पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-६. कन्सोल लाइनखाली ‘लॉगिंग सिंक्रोनस’, म्हणजे टाइप करताना मध्येच आलेला मेसेज ओळ तोडत नाही.

आणि पुटीचं लॉगिंग चालू करा: सेशनच्या खाली लॉगिंग, तिथे सगळं आउटपुट साठवायचा पर्याय. स्लॉट संपल्यावर तुमच्या हातात उरते ती हीच फाइल.

८. बनवा, मग मुद्दाम मोडा

कागदाप्रमाणे कॉन्फिगरेशन केलं, पिंग गेला, बहुतेक जण इथे थांबतात. खरा सराव इथून सुरू होतो. एक उदाहरण सविस्तर देतो, कारण यातून ओएसपीएफ जेवढं समजतं तेवढं कुठल्याच व्हिडिओतून समजत नाही.

दोन्ही राउटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ द्या. नेबर म्हणजे समोरचा राउटर. त्याची स्टेट फुल, म्हणजे पूर्ण जुळलेली, दिसली पाहिजे. आता पहिल्या राउटरच्या इंटरफेसवर हॅलो इंटरव्हल (किती सेकंदांनी समोरच्याला हाक मारायची ते) १० वरून ५ करा. डेड इंटरव्हल (किती सेकंद हाक आली नाही तर समोरचा गेला असं मानायचं ते) आपोआप २० होतो. दर काही सेकंदांनी तीच शो कमांड देत राहा. डेड टाइम उलटा मोजत खाली येताना दिसेल. चाळीस सेकंदांच्या आत दोन्ही राउटरवर नेबर यादीतून नाहीसा होतो. हॅलो जुळला नाही की समोरचा दिसतच नाही.

हॅलो पूर्ववत करा, फुल होऊ द्या. आता पहिल्या राउटरच्या त्याच इंटरफेसवर ‘आयपी एमटीयू १४००’ द्या (एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार). नेबर बघा: अजून फुलच. काहीच झालं नाही असं वाटेल. आता ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ द्या, येस म्हणा, आणि परत बघा. या वेळी नेबर यादीत आहे, पण एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंजवर अडकलेला. पिंग द्या, पिंग व्यवस्थित जातो. एमटीयू तपासला जातो तो डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होताना. आधीच फुल झालेल्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

म्हणजे नेबर अजिबात दिसत नसेल तर हॅलो-डेड, एरिया, सबनेट, पॅसिव्ह इंटरफेस तपासायचे. दिसतो पण एक्सस्टार्टवर अडकतो, तर एमटीयूकडे बघायचं. नोकरीत याचा आणखी एक अर्थ निघतो. कुणीतरी दुपारी एमटीयू बदलला, सगळं सुरळीत चाललं, आणि बिघाड दिसला तो रात्री लिंक एकदा खाली-वर झाल्यावर.

याच पद्धतीने ट्रंकचा नेटिव्ह व्हीलॅन एका बाजूने बदलून येणारे मेसेज वाचा. एसीएलमध्ये ओळींचा क्रम उलटा करून बघा. दर वेळी मोडण्याआधी वहीत लिहा, काय होईल असं वाटतं. मग प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी लिहा.

९. स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नका

एसएसएचवरून काम करताना व्हीटीवायवर (लांबून आत येण्याच्या लाइनवर) एसीएल लावला आणि त्यात आपलाच आयपी राहिला, तर चालू सेशन टिकतं, पण ते तुटलं की परत आत जाता येत नाही. ज्या इंटरफेसवरून आलो तोच शटडाउन केला, तर त्याच क्षणी आपण बाहेर. म्हणून धोक्याच्या बदलाआधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि ‘रीलोड इन १०’ द्या. बदल करा, पण सेव्ह करू नका. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांत राउटर स्वतः रीलोड होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ द्या आणि मग सेव्ह करा. ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचं विसरू नका. लॅबपासूनच ही सवय लावा, पुढे एखाद्या कंपनीच्या शाखेतला राउटर तुमच्या हाती असेल तेव्हा हीच उपयोगी पडते.

नुसतं टेलनेट केलं आणि पासवर्ड हवा पण ठेवलेला नाही अशा अर्थाचा मेसेज आला, तर डिव्हाइस बिघडलेलं नाही. व्हीटीवायखाली पासवर्ड ठेवायचा राहिला आहे, कन्सोलवरून जाऊन ठेवा.

१०. निघताना

स्लॉटची शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. ‘टर्मिनल लेंथ ०’ द्या, म्हणजे पानापानावर थांबत नाही. मग प्रत्येक डिव्हाइसची ‘शो रनिंग-कॉन्फिग’ घ्या. स्विचवर ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ वेगळं घ्या, कारण व्हीलॅन बहुधा रनिंग-कॉन्फिगमध्ये नसतात. लॉगची फाइल उघडून खरंच भरली आहे का बघा. मग सगळं पुसा, तुमचे पासवर्ड पुढच्या माणसासाठी ठेवून जाऊ नका.

११. डंपच्या नादी लागू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतोच: ‘भो, लेटेस्ट डंप आहे, पासची गॅरंटी.’ डंप म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न. परीक्षेला बसताना तुम्ही प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार मान्य करता. डंप वापरल्याचं उघड झालं तर निकाल आणि प्रमाणपत्र दोन्ही रद्द होऊ शकतात. आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, नेबर एक्सस्टार्टवर का अडकतो. तिथे डंप कामाला येत नाही. ज्या पोराने आठवी पायरी केली आहे तो तिथे दहा मिनिटं बोलू शकतो. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्या अमळनेरात तेलाच्या कारखान्यातून झाली. खान्देशातल्या मुलांनी आडमार्गाने आत शिरायची काही गरज नाही.

१२. परीक्षेची तारीख घेताना

फी ३०० डॉलर अधिक कर, म्हणजे डॉलरच्या भावाप्रमाणे तीस हजारांच्या आसपास. घरच्यांसाठी ही रक्कम मोठी आहे, तेव्हा तारीख घाईने घेऊ नका. सहाव्या पायरीतला कागद न बघता पूर्ण भरता यायला लागला आणि मोडलेली लॅब दहा-पंधरा मिनिटांत जुळवता यायला लागली की घ्या.

परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्हीयूई या कंपनीच्या खात्यातलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, मधे वडिलांचं नाव, त्यात स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. पासपोर्ट असेल तर त्यावर जसं आहे तसंच भरा. कोणती ओळखपत्रं चालतील ते बुकिंग करतानाच वाचून घ्या.

परीक्षा घरूनही देता येते. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल मोकळं हवं, खोलीचे फोटो द्यावे लागतात, आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर सिस्टिमची चाचणी आधी करून बघावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: खान्देशातून देणाऱ्याने केंद्रावर जावं. लाईटचा, नेटचा आणि दार वाजवणाऱ्या पाहुण्यांचा घोर राहत नाही. पिनकोड टाकून जवळचं केंद्र शोधा. पुण्याला जायची वेळ आली तर रात्रीच्या गाडीने उतरून थेट परीक्षेला बसू नका, आदल्या दिवशी पोहोचा.

पास झालात तर प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. नाही झालात तर निकालाच्या कागदावर प्रत्येक विभागाची टक्केवारी असते. ज्या विभागात सर्वांत कमी, त्याच विभागाच्या लॅबचे स्लॉट लगेच घ्या. पुन्हा बसायला किमान पाच दिवस थांबावं लागतं, आणि ते पाच दिवस परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात.